समुद्रकाठचा निकाह

आमच्या तामलवाडीत बघण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं की मी सांगतो, रस्ता. सोलापूरहून तुळजापूरला जाणारा. एरवी त्याच्यावर ट्रक, उसाचे ट्रॅक्टर, एसट्या असतात. पण लगीनसराई सुरू झाली की या रस्त्याला रंग चढतो. लग्न कुठंही लागो, नवीन जोडपं आई भवानीच्या पायावर घालायला आणतात. बॉनेटवर झेंडूच्या माळा, मागच्या काचेवर दोघांची नावं, आत शेला-शालूच्या गाठीसकट अवघडून बसलेली नवरानवरी आणि त्यांच्या मधेच घुसलेलं एखादं शेंबडं पोर. टोलनाक्यापाशी गाडी रेंगाळली की नवरदेव खिडकीतून तोंड काढून हवा खातो. चहाच्या टपरीवर बसून मी अशी शेकडो लग्नं पाहिली आहेत. पत्रिका एकाचीही नव्हती.

गेल्या वर्षाच्या सुरुवातीला मात्र मला एका लग्नाचं रीतसर आमंत्रण आलं आणि तेही कामासकट. सोलापूरला माझी चुलत बहीण असते, आम्ही तिला आपा म्हणतो. तिच्या सासरी चादरींचा धंदा. मुलगा दुबईला नोकरीला, मुलगी ठरली ती हैदराबादच्या घराण्यातली, पण शारजात वाढलेली. भाच्यानं फोन केला. "मामू, सेहरा तुम्हीच लिहायचा. आणि मराठीत लिहायचा." ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे निकाहाच्या वेळी नवरदेवाच्या कौतुकाची कविता वाचतात, तिला सेहरा म्हणतात. खरं तर सेहरा म्हणजे डोक्याला बांधायच्या फुलांच्या मुंडावळ्या, त्यावरून कवितेचंही तेच नाव पडलं. उर्दूत सेहरे ढिगानं आहेत. मराठीत मी आजवर पाच-सहा लिहिले. त्यातले दोन बरे होते.

"लिहितो की. लग्न कुठं आहे, सोलापूरला का हैदराबादला?"

"अंताल्याला."

मी गप्प. मग त्यानंच खुलासा केला. तुर्कस्तानात भूमध्य समुद्राच्या काठावर एक शहर आहे, तिथं समुद्रावरच हॉटेल घ्यायचं, तीन दिवसांचा कार्यक्रम, पन्नास माणसं, सगळं एकाच ठिकाणी. त्यानं फोनवर चित्रं पाठवली. निळं पाणी, पांढऱ्या खुर्च्या, फुलांची कमान. बघायला छानच होतं, उगाच खोटं कशाला बोलू? आपाच्या सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या आहेत. घरात सगळे त्यांना दादीच म्हणतात. त्यांना ही चित्रं दाखवली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "अंताल्या? कोणत्या जिल्ह्यात आलं ते?"

घरात हशा पिकला. मी मात्र सेहरा लिहायला बसलो आणि सुचलं काहीच नाही. सुचली ती एक जुनी हकीकत. बी.ए.ला माझा इतिहास होता, तेवढीच माझी या विषयातली पात्रता. पण ही हकीकत आपल्या जिल्ह्याशी बांधलेली आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. भूमध्य समुद्राच्या काठावर लग्न लावायची टूम आजची नाही. पंच्याण्णव वर्षांमागे, ज्या राजाच्या नावावरून धाराशिवला उस्मानाबाद म्हणत, त्या निजाम मीर उस्मान अली खान यांनी आपल्या दोन्ही मुलांचे निकाह फ्रान्समधल्या नीस या समुद्रकाठच्या शहरात लावले. तारीख होती 12 नोव्हेंबर 1931.

पण नीसला जाण्याआधी थोडं इथंच, सोलापुरात थांबू. लग्नाची जागा ही आपल्या भागात फार जुनी आणि फार महागडी भानगड आहे.

1524 साली विजापूरचा इस्माईल आदिलशहा आणि अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा यांची सोलापूरला भेट झाली. तिथंच इस्माईलची बहीण बीबी मरियम हिचा बुऱ्हाणशी निकाह लागला. दोन दरबारांच्या मधलं, हद्दीवरचं ठिकाण. कुणी कुणाच्या दारी गेलं नाही, दोघांचाही मान राहिला. पण बोलणी करताना विजापूरच्या बाजूनं असद खान लारीनं सोलापूरचा किल्लाच मुलीबरोबर द्यायचं कबूल केलं, असं नगरवाल्यांचं म्हणणं. लग्न उरकलं आणि इस्माईल म्हणाला, कुठला किल्ला? मी काही बोललो नव्हतो. पुढच्याच वर्षी बुऱ्हाण फौज घेऊन सोलापूरवर आला. त्या किल्ल्यापायी पुढं कितीतरी वर्षं ही दोन घराणी भांडत राहिली. शेवटी 1565 च्या तालिकोटच्या लढाईआधी दोघांची दिलजमाई झाली तीही लग्नानंच. नगरची चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला दिला. सोलापूर स्टेशनवरून रिक्षानं पार्कवर जाताना तो किल्ला दिसतो. हुंड्यातला किल्ला आहे तो. पोरं आत बागेत फिरायला जातात.

दुसरं लग्न गोदाकाठचं. 1604 साली विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाची मुलगी अकबर बादशहाच्या दानियाल या शहजाद्याला दिली. लग्न ना विजापूरला लागलं, ना बुऱ्हाणपूरला. पैठणला नदीच्या काठी छावणी पडली आणि तिथं सोहळा झाला. मुलीबरोबर पाठराखणीला जे लोक गेले त्यांत इतिहासकार फिरिश्ता स्वतः होता, म्हणून आपल्याला हे कळतं. दानियालला दारूनं पोखरलं होतं. थोड्याच काळात तो बुऱ्हाणपूरला वारला. मुलीचं पुढं काय झालं ते सांगायला फिरिश्त्याला सवड झाली नाही.

सांगायचा मुद्दा असा की दोन तालेवार घरं जेव्हा सोयरीक करतात तेव्हा जागा निवडणं हे फुलांच्या कमानीचं काम नसतं. कुणी कुणाच्या उंबऱ्यावर जायचं, हा प्रश्न असतो. नीसला हाच प्रश्न होता, पण फार वेगळ्या तऱ्हेनं.

मुलीचा बाप कोण होता? अब्दुल मजीद, उस्मानी घराण्यातला, इस्लामी जगाचा शेवटचा खलिफा. हाताखाली फौज नाही, मुलूख नाही, नुसता किताब. माणूस रसिक होता, उत्तम चित्रं काढायचा, पाश्चात्त्य संगीताचा शौकीन होता. त्याचं एक चित्र आहे, जनानखान्यात बायका बसून बेथोव्हनचं संगीत वाजवताहेत. 3 मार्च 1924 रोजी अंकाराच्या संसदेनं खिलाफतच रद्द केली. त्याच रात्री त्याला दोल्माबाहचे राजवाड्यात जाऊन सांगण्यात आलं, देश सोडा. इस्तंबूलच्या मोठ्या स्टेशनवर गर्दी होईल म्हणून बाहेरच्या चाताल्जा नावाच्या लहान स्टेशनवर मोटारीनं नेलं आणि आगगाडीत बसवलं. त्या स्टेशनचा मास्तर ज्यू होता म्हणतात. त्यानं या कुटुंबाला आपल्या घरात बसवलं, चहा पाजला. खलिफा आभार मानू लागला तर तो म्हणाला, आभार आम्ही मानायचे, स्पेनमधून हाकललेल्या आमच्या पूर्वजांना तुमच्या घराण्यानं आसरा दिला होता. चारशे वर्षांनी फिटलेलं ते चहाचं देणं मला या सगळ्या कथेत सर्वांत आवडतं.

आधी स्वित्झर्लंड, मग त्याच वर्षी ऑक्टोबरात नीस. उस्मानी घराण्यातल्या पुरुषांना तुर्कस्तानात पाय ठेवायला थेट 1974 पर्यंत बंदी होती, बायकांना 1952 पर्यंत.

या खलिफाच्या नावानं आपल्याकडे केवढं आंदोलन झालं होतं, ते शाळेच्या पुस्तकात असतं. खिलाफत चळवळ, गांधीजी, अली बंधू. ज्याच्यासाठी लाखो लोक रस्त्यावर आले, त्याच्याकडे नीसमध्ये घरभाड्याची चणचण होती. तेव्हा शौकत अलींनी निजामाकडे शब्द टाकला आणि निजामानं दरमहा 300 पौंडांचा तनखा लावून दिला. जगातला सर्वांत श्रीमंत समजला जाणारा माणूस. हैदराबादेत मात्र त्याच्या चिकटपणाच्या गोष्टी घरोघर सांगत. त्यानं दिलं, हे खरं. पुढं याच तनख्याच्या वाटेनं सोयरीक आली.

खलिफाला एकच मुलगी, दुर्रुशहवार. नावाचा अर्थ राजाला शोभेल असा मोती. वय सतरा. निजामाचा थोरला मुलगा आझम जाह, वय चोवीस. मध्यस्थ पुन्हा शौकत अली. आता इथं मेहरची गोष्ट येते. आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की मेहर म्हणजे हुंडा. उलट आहे. हुंडा मुलीच्या बापाकडून जातो, मेहर नवऱ्यानं बायकोला द्यायची असते आणि ती तिच्या मालकीची. निकाहनाम्यात रक्कम लिहावी लागते. बोलणी या रकमेवर अडली. खलिफाच्या बाजूनं पन्नास हजार पौंड मागितले, निजामाला ते फार वाटले, आणि शेवटी तडजोड झाली, असं सांगतात. तेवढ्यातच खलिफाच्या नात्यातली आणखी एक मुलगी निजामाच्या धाकट्या मुलासाठी, मुअज्जम जाहसाठी, देण्याचं ठरलं. तिचं नाव निलोफर, म्हणजे कमळ. वय पंधरा. बाजारात घासाघीस झाली की दुकानदार वर एक काहीतरी घालतो, तसं हे वाचताना वाटतं. माझ्या घरात मुली आहेत, मला हा तपशील गिळत नाही.

मग प्रश्न आला जागेचा. इस्तंबूल? तिथं तर मुलीच्या बापाला प्रवेश नाही. हैदराबाद? इंग्रज सरकार आधीच कान टवकारून बसलेलं. हिंदुस्थानातलं सर्वांत मोठं मुस्लिम संस्थान आणि खलिफाचं घराणं यांची गाठ पडतेय, उद्या यातून काय निघेल? खलिफा हिंदुस्थानच्या मातीवर नको, हा त्यांचा हिशेब. शिवाय रीत अशी की निकाह मुलीच्या घरी. मुलीचं घर कुठं? भाड्याच्या व्हिल्यात, नीसला. म्हणून नीस. खाली निळा समुद्र, इंग्रज हिवाळकऱ्यांनी बांधलेला लांबलचक किनाऱ्याचा रस्ता, नेग्रेस्कोसारखी हॉटेलं, रशियातून पळालेले सरदार, युरोपभरचे पदच्युत राजे. जगातले श्रीमंत तिथं मौजेला येत आणि गादी गेलेले दिवस काढायला. आझम जाह आणि त्याचा भाऊ पहिल्या प्रकारचे पाहुणे होते आणि सासरा दुसऱ्या प्रकारचा.

एक गंमत मध्येच सांगून टाकतो. नीस हे शहर मुळात फ्रान्सचं नव्हतं. 1860 साली ते फ्रान्सला मिळालं. आणि आमचा नळदुर्ग-तुळजापूरचा मुलूख 1853 साली निजामानं कर्जापोटी इंग्रजांकडे दिला होता, तो निजामाला परत मिळाला तोही 1860 सालीच. मधल्या काळात नळदुर्गला मेडोज टेलर हा साहेब कारभारी होता, तोच तो ठगांवर कादंबरी लिहिणारा. आमच्याकडच्या लोकांना कुणी फारसं विचारलं नसावं. एका सकाळी उठून त्यांना कळलं असेल की राजा बदलला.

तर 12 नोव्हेंबर 1931 ला खलिफाच्या घरी दोन्ही निकाह लागले. पुढं कायदेशीर नोंद असावी म्हणून इंग्रजांच्या वकिलातीतही लग्नं नोंदवण्यात आली. नवरदेवांचा बाप हजर नव्हता. निजाम हैदराबादेतच राहिले. नवऱ्यामुलींच्या घराण्याला आपला देश नाही आणि नवऱ्यामुलांचा बाप आपल्या देशात बसलेला, अशी ती लग्नं.

आता 1931 हे साल आमच्या बाजूनं बघा. तामलवाडी निजामाच्या राज्यात, तुळजापूर तालुक्यात. थोडं दक्षिणेला चाललं की हद्द, पलीकडे सोलापूर, इंग्रजी मुलूख. इकडं हाली सिक्का, तिकडं कलदार रुपया. माल न्यायचा तर करोडगिरी, म्हणजे जकात. जगभर मंदी आलेली, शेतमालाचे भाव कोसळलेले. उस्मानाबादकडचा बराच मुलूख सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाची खासगी मिळकत. तिथला सारा सरकारी तिजोरीत जात नसे, थेट हुजूरच्या खासगीत जाई. नीसच्या मेहरमधले पैसे नेमके कुणाच्या ज्वारीतून आले हे कुणी हिशेब मांडून दाखवू शकणार नाही. पण त्या खासगीत आमच्या शिवारांचाही घाम होता, एवढं म्हणायला हिशेबाची वही लागत नाही.

आणि हद्दीपलीकडे काय चाललं होतं? 1930 च्या मे महिन्यात सोलापूर पेटलं होतं, मार्शल लॉ लागला होता. त्या प्रकरणात 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिली. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन ऐन विशीतला, 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचा. तारखा बघा. बारा जानेवारी आणि बारा नोव्हेंबर, साल एकच. एका मुसलमान पोरानं सोलापूरसाठी गळ्यात फास घेतला आणि दहा महिन्यांनी दोन मुसलमान पोरांनी नीसला गळ्यात हार घातले. आम्हाला लहानपणी कुणी "तुम्ही निजामाची माणसं" असं चिडवलं की अब्बा म्हणायचे, "बोल, आम्ही कुर्बान हुसेनची माणसं." ते सोलापूरच्या मिलमध्ये कामाला होते. त्यांना निजामाशी काही देणंघेणं नव्हतं, आणि निजामाला तर त्यांच्याशी नव्हतंच.

लग्न झाल्यावर दोन्ही जोडपी व्हेनिसला 'पिल्सना' नावाच्या बोटीवर चढली. वाटेत राजकन्यांना साडी नेसायला शिकवलं, हुजूरसमोर कसं वागायचं ते शिकवलं. 14 डिसेंबरला ब्रिंदिसीला त्याच बोटीवर आणखी एक प्रवासी चढले, लंडनच्या गोलमेज परिषदेतून रिकाम्या हातानं परतणारे महात्मा गांधी. सोबत त्यांची शेळीच्या दुधाची व्यवस्था, चरखा. या प्रवासात गांधीजींची आणि राजकन्यांची भेट झाली, असं सांगतात. काय बोलले असतील? एकेकाळी खलिफासाठी हा माणूस देशभर हिंडला होता आणि आता खलिफाची मुलगी सून होऊन त्याच्याच देशात निघाली होती. मी कवी आहे, मला इथं एक प्रवेश लिहून टाकायचा फार मोह होतो. पण हे इतिहासाचं पान आहे, म्हणून हात आवरतो. बोट 28 डिसेंबरला मुंबईला लागली. गांधीजींना आठवड्याभरात, 4 जानेवारी 1932 ला, अटक झाली. आणि त्याच 4 जानेवारीला हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात नव्या सुनांच्या स्वागताची मेजवानी झडली.

पुढची कथा मी भरभर सांगतो, कारण लग्नाचा मांडव निघाला की पाहुण्यांनी फार रेंगाळू नये. दुर्रुशहवार कर्तबगार निघाली. उंच, करारी, पडदा न पाळणारी. बायकांचं शिक्षण, दवाखाने यात तिनं लक्ष घातलं. हैदराबादच्या पुरानी हवेलीतला दवाखाना आजही तिच्या नावानं ओळखतात. संसार मात्र सुखाचा झाला नाही. निलोफर देखणी, तिच्या साड्यांची चर्चा युरोपात होई, पण तिला मूल झालं नाही. तिची एक दासी बाळंतपणात गेली, तेव्हा तिनं हट्टानं बायका-मुलांसाठी इस्पितळ काढायला लावलं. ते निलोफर हॉस्पिटल. वर एक म्हणून दिलेल्या मुलीचं नाव आज हैदराबादेत रोज शेकडो गरीब बाया रिक्षावाल्याला सांगतात, निलोफर चलो. 1952 साली तिचा तलाक झाला, ती पॅरिसला राहिली, तिथंच 1989 साली गेली.

राज्याचं काय झालं ते मराठवाड्याला सांगायला नको. शेवटच्या वर्षांत रझाकारांनी गावोगाव जो उच्छाद मांडला त्याच्या आठवणी अजून ताज्या आहेत. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करायचा, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद मुक्त झालं. त्यानंतरच्या दिवसांत सूडाच्या ज्या घटना झाल्या, त्यांची पाहणी पंडित सुंदरलाल समितीनं केली. ज्या चार जिल्ह्यांतल्या मुसलमानांना सर्वांत जास्त झळ बसली असं त्या समितीनं लिहिलं, त्यात उस्मानाबाद आहे. रझाकारांनी मारलेला शेतकरी आणि नंतर मारला गेलेला पिंजारी, या दोघांपैकी नीसच्या लग्नाला कुणालाच बोलावणं नव्हतं. निजाम पुढं राजप्रमुख झाले. 2023 साली जिल्ह्याचं नाव पुन्हा धाराशिव झालं, तेव्हा एका वार्ताहरानं मला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? मी म्हटलं, माझे आजोबा धाराशिवच म्हणायचे.

खलिफा 23 ऑगस्ट 1944 ला पॅरिसमध्ये वारला. तुर्कस्ताननं दफनाला जागा दिली नाही. मुलगी विनवण्या करत राहिली. दहा वर्षं मृतदेह पॅरिसच्या मशिदीत राहिला, अखेर 1954 साली मदिनेत माती मिळाली. पण आपल्या मराठवाड्यात त्याची एक कबर बांधून तयार होती, हे किती जणांना ठाऊक आहे? खुलताबादजवळ, डोंगराच्या कुशीत, तुर्की धाटणीची एक घुमटी उभी आहे. निजामानं ती खलिफासाठी बांधली. आलमगीर औरंगजेबाची साधी उघडी कबर, झरझरी बक्षांचा दर्गा, सगळे संत-सुलतान जिथं निजलेत तिथून फार लांब नाही. मी एकदा गेलो होतो. कुंपण नाही, पाटी नाही, आत कुणीही नाही. शेजारी एक बाई शेळ्या चारत होती. मी विचारलं, ही कुणाची कबर? म्हणाली, "कुणाचीच न्हाई बाबा. तो मानूस आलाच न्हाई."

आणि शेवटचा धागा. आझम जाह आणि दुर्रुशहवार यांचा थोरला मुलगा मुकर्रम जाह जन्मला कुठं? नीसलाच, 1933 साली. आजोबांनी मुलाला डावलून गादी या नातवाला दिली. 1967 साली तो निजाम झाला, पण खटले, कर्जं, वारसदारांचे दावे यांनी इतका घेरला की सगळं सोडून ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या रानात जाऊन राहिला. तिथूनही निघाला. मग आईच्या देशात गेला आणि पुष्कळ वर्षं एका साध्या सदनिकेत राहिला. ज्या शहरात राहिला त्याचं नाव अंताल्या. जानेवारी 2023 मध्ये इस्तंबूलला वारला तेव्हा त्याला हैदराबादला आणून मक्का मशिदीत पुरलं.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं. तो शांतपणे ऐकून घेतल्यावर म्हणाला, "मामू, सेहऱ्यात एवढं नका घालू."

मे 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतरची लढाई झाली, तुर्कस्ताननं पाकिस्तानची बाजू उचलून धरली आणि आपल्याकडच्या प्रवास कंपन्यांनी तिकडची बुकिंगं थांबवली. भाच्याचं अंताल्याही बारगळलं. मग गोवा निघालं, मग उदयपूर. दर वेळी पन्नास नावांची यादी नव्यानं व्हायची आणि दर वेळी दादीच्या नावापुढं प्रश्नचिन्ह असायचं, कारण त्यांना जिना चढवत नाही आणि विमानात बसायचं नाही. शेवटी मुलीनंच शारजाहून सांगितलं की दादी नसतील तर मला फोटो नकोत. मुलगी मला तेव्हाच आवडली.

डिसेंबरात सोलापूरच्या शादीखान्यात लग्न झालं. पन्नासाचे सहाशे झाले. पंखे जुने, खुर्च्या प्लास्टिकच्या, बिर्याणी थोडी खारट. माझा सेहरा चार कडव्यांचा होता. नीसचं एक कडवं लिहिलं होतं, ते मी आदल्या रात्री काढून टाकलं. काझीसाहेबांनी खुतबा पढला, वकील-गवाहांची नावं घेतली आणि मेहरची रक्कम मोठ्यानं वाचली. बायकांच्या बाजूच्या पडद्यामागून दादींचा आवाज आला,

"नगद का उधार?"

काझीसाहेबांनी कागद पुन्हा पाहिला. "नगद, अम्मा."

मग खारका उधळल्या.